दारू सुटलेल्या माणसाशी पहिले काही महिने कसं बोलावं

दादाची दारू सुटून बारा दिवस झाले होते. वहिनीने त्याला दूध, कोथिंबीर, लाइटबिल आणि पिठाची गिरणी अशी चार कामं सांगितली. तो नुसती कोथिंबीर घेऊन आला. "बाकीचे पैसे कुठे उडवलेस?" म्हणून घरात भांडण पेटलं. पैसे त्याच्या खिशातच होते, घडीसुद्धा मोडली नव्हती. बाकीची कामं डोक्यातून उतरलीच होती. त्या दिवशी मी त्याला खोटारडा म्हणाले, ते अजून टोचतं.

वर्षानुवर्षं दारू प्यायल्याने मेंदूचा पुढचा भाग मंदावतो. बेत आखणं, स्वतःला आवरणं, दोन-चार गोष्टी एकदम लक्षात धरणं हे त्याचं काम. म्हणून उद्याच्या नुकसानीपेक्षा आत्ताची तल्लफ मोठी वाटते. दारू सुटल्यावर बऱ्याच जणांत हे सुधारतं, पण आठवडे, महिने, कधी वर्षही लागतं.

तोवर एका वेळी एकच काम सांगा. आम्ही वहीचं पान फाडून दादाच्या शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. काम झालं की रेघ त्यानेच मारायची. "नीट वाग" म्हणू नका. "सहाला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचंय, मी सोबत येते" म्हणा. पैशाचं, कर्जाचं बोलणं सकाळी, पोटात नाश्ता गेल्यावर काढा. गुत्त्यावरचा रस्ता बदला, तिथे पाय आपोआप वळतात. हातात पैसे मोजके असावेत, पण ते त्याच्याशी बोलून ठरवा, हिसकावू नका.

एक गोष्ट मात्र घरी निभावण्यासारखी नाही. दारू सोडली त्याच आठवड्यात दादा म्हणाला, "सकाळी मामा येऊन गेले." मामांना जाऊन चार वर्षं झाली होती. आम्हाला वाटलं, पुन्हा प्यायला. पण आठवणीत भोक पडलं की मेंदू ते स्वतःच बुजवतो, आणि बोलणाऱ्याला ते खरंच वाटतं. सर्गेई कोर्साकॉफ या रशियन डॉक्टरांनी १८८७ मध्येच आठवणीच्या या आजाराचं वर्णन केलं होतं. मुळाशी बहुधा बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची कमतरता असते. अशा वेळी "खोटं बोलू नकोस" म्हणू नका. "मामांची आठवण आली का?" एवढंच विचारा आणि डॉक्टरांना सांगा. सोबत झोकांड्या, एकाचे दोन दिसणं किंवा गोंधळलेपण असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, तो किती प्यायचा ते लपवू नका आणि थायमिनबद्दल विचारा. गोळ्या देऊन वाट बघू नका. पिणाऱ्याच्या आतड्यात त्या नीट शोषल्या जात नाहीत, तेव्हा इंजेक्शनच लागतं.

आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

आता सातवा महिना आहे. काल पानावर मी दोन कामं लिहिली होती. दोन्हींवर रेघ होती, आणि खाली दादाच्या अक्षरात तिसरं: आईची चप्पल शिवून आणणे.