तक्रारपेटी ठोकण्याआधी

अनुदान देणाऱ्या ट्रस्टला तक्रारींची व्यवस्था लावायची म्हणजे सुताराकडून पेटी करून आणायची अन् दाराशी ठोकायची, असं वाटत असेल तर आधी तो समज काढा. पेटी, आवक रजिस्टर, ईमेल, फोन नंबर हे लागतंच, त्यावर मी वेळ घालवत नाही. पहिला प्रश्न हा की किल्ली कोणाकडे. गेल्या वेळी आमच्याकडे ती लेखापालाच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असायची, आणि पेटी उघडायचा तो अधिकारी, जो संस्थांना भेटी द्यायचा, पुढच्या हप्त्याची शिफारसही करायचा. चिठ्ठी त्याच्याबद्दलच होती. नाव नव्हतं, पण निळ्या शाईतलं ते अक्षर तो महिनोन्‌महिने खर्चाच्या व्हाउचरवर बघत आलेला. कोणाचं आहे ते त्याला लगेच कळलं. त्यानंतर पेटी रिकामीच राहिली, आणि आम्ही सभेच्या इतिवृत्तात ‘तक्रारी : निरंक’ लिहून खूश.

म्हणून बाकी काही लिहिण्याआधी हे लिहा : ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या हाती ती जाता कामा नये. दुसरी वाट हवी. ती थेट अशा विश्वस्ताकडे जावी, जो मंजुरी समितीत बसत नाही. किल्ली त्याच्याकडे, किंवा दोन कुलुपं दोघांकडे. मग ईमेल तपासा. ट्रस्टच्या सर्वसाधारण पत्त्यावर आलेलं पत्र कोणाकोणाच्या मोबाइलवर आपोआप उमटतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. व्हॉट्सअॅपचं सिम कोणाच्या फोनमध्ये आहे तेही बघा. तक्रार खुद्द अध्यक्षांविरुद्ध असेल तर? त्याचंही उत्तर आधीच लिहून ठेवा, ऐन वेळी कोणाची जीभ रेटत नाही.

अनुदान घेणारी संस्था तुमच्याविरुद्ध सहसा तोंड उघडत नाही, कारण तिचा दुसरा हप्ता तुमच्या हातात असतो. त्यामुळे मंजुरीपत्रातच एक ओळ टाका की तक्रार केल्याने हप्ता अडणार नाही. ओळ फुकटची आहे, तिला दात हवेत. तक्रारीनंतर सहा महिन्यांत त्या संस्थेचा हप्ता लांबला, तर फाइल आपोआप त्या दुसऱ्या विश्वस्ताकडे जाईल, असा नियम करा.

आता वर्गवारी. सगळ्यात जास्त येतं ते ‘आमचा अर्ज का नाकारला’. नाकारणं हा तुमचा अधिकार आहे, पण निकष न पाळणं, कागद हरवणं, समितीतल्या कोणाचं अर्जदाराशी नातं लपवणं ही खरी तक्रार, ती नोंदवायलाच हवी. बाकीच्यांना दोन ओळींत कारण कळवा. पैसा परदेशातून आलेला असेल तर सरळ सांगा की परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. लोक समजून घेतात. मौन मात्र कोणी समजून घेत नाही.

दुसरा प्रकार अवघड. नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक, पारशिवनीकडच्या एखाद्या गावातून फोन येतो की तुमच्या पैशाने शिलाई मशीन आल्या, पण वाटल्याच नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दुपारी फोन करणार नाही, संध्याकाळी कोणीतरी फोन उचलणारं ठेवा. हिंदीत, गोंडीत बोलली तरी ऐकून घ्या, तुम्हीच लिहा, तिला वाचून दाखवा. आणि कृपा करून ते लिहिलेलं जसंच्या तसं त्याच संस्थेला ‘खुलासा करावा’ म्हणून पाठवू नका! ही तीच खिळ्यावरची किल्ली झाली. नाव, गाव, मशीनचा आकडा काढून मोघम विचारा, किंवा सगळ्याच संस्थांची साठा-नोंदवही मागवा, म्हणजे बोट कोणाकडे ते कळत नाही. निनावी तक्रार फेकायची नाही. नाव का नाही, याचं उत्तर वर दिलंच आहे.

काही गोष्टी तुमच्या हातातल्याच नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आधी आपली चौकशी समिती बसवू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावा. ट्रस्टच्या कारभाराबद्दलच असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं, विश्वस्ताला निलंबित करायचे किंवा काढायचे अधिकार त्यांना आहेत. सहआयुक्तांचं कार्यालय नागपुरातच आहे. हे उत्तराच्या पत्रात छापा. विश्वस्तांपैकी कोणीतरी नाक मुरडेल, मुरडू द्या.

पोच तीन दिवसांत, उत्तर तीस दिवसांत, उशीर होणार असेल तर तसं पत्र. काय ठरलं ते तक्रारदाराला कळवायचंच, नुसती फाइल बंद करायची नाही.

अभिप्रायाचा फॉर्म ‘खूप छान’ने भरून येतो, त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी एकच विचारा : आमचा कोणता कागद भरताना वेळ फुकट गेला? वार्षिक अहवालात आकडे द्या, नावं नकोत. नवा माणूस रुजू झाला की त्याला हे सगळं वाचायला द्या. फोन नंबर बदलला तर पाटीवरही बदला.