रेसिंग गेमसाठी गाड्या निवडताना

स्वतः गेम बनवताना त्यात वीस गाड्या घेतल्या, तरी हातात सगळ्या सारख्याच वाटतात. कारण आपण निवडतो ते रूप आणि टॉप स्पीड. त्याऐवजी आधी इंजिन कुठे आहे आणि ताकद कोणत्या चाकांना जाते, ते पाहा. मुंबईच्या रस्त्यांवरच चारही प्रकार दिसत आले आहेत:

१. प्रीमिअर पद्मिनी, आपली जुनी काळी-पिवळी: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. वळणावर रेस दिली की शेपूट सुटायला बघते.
२. मारुती ८००: ७९६ सीसी, जोर पुढच्या चाकांना. जास्त वेगात वळणाबाहेर सरकते.
३. नॅनो: ६२४ सीसीचं इंजिन मागे, त्यामुळे नाक हलकं. ही नक्की घ्याच, खेळणाऱ्याला अगदी वेगळा अनुभव मिळतो.
४. जिप्सी: फोर-व्हील ड्राइव्ह, चिखलाच्या ट्रॅकसाठी.

मग गेममध्ये सगळ्या गाड्यांना खऱ्या रूपाऐवजी एकसारखा साधा करडा डबा लावून मित्राला चालवायला द्या. दोन गाड्यांतला फरक त्याला ओळखता आला नाही, तर त्यातली एक काढा. गाड्यांची थ्रीडी मॉडेल बनवण्याआधीच हे केलं, तर कित्येक रात्रींचं काम वाचतं.

गेम विकणार असाल तर खरी नावं आणि लोगो कंपनीच्या परवानगीशिवाय वापरू नका.