विमानाचे भाग सुटे असतानाच रंगवा

घरी बांधलेलं विमान पूर्ण जोडून मग एकदम रंगवायचं, असं बरेच जण ठरवतात. मी सुटे भागच रंगवते. सुट्या भागाला चारही बाजूंनी हात पोहोचतो, बिजागरीच्या आतल्या कडांपर्यंत रंग फवारायची गन जाते, आणि रंगाआधी व रंगानंतर प्रत्येक भाग काट्यावर ठेवता येतो. दोन आसनी विमानावर रंगाचं वजन 8-10 किलो सहज होतं. बघायला येणारी मंडळी चकाकीचं कौतुक करतात, पण ते ओझं प्रत्येक उड्डाणात इंजिनाला उचलावं लागतं.

खरा वेळ जातो तो पत्रा तयार करण्यात. आपण वापरतो त्या 2024-टी3 अल्क्लॅड या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. गंजापासून बचाव तोच करतो. म्हणून जाड पॉलिश पेपर घेऊन तो उडवू नका. मरून रंगाचं नायलॉनचं घासपॅड हलक्या हाताने फिरवलं की पुरे. लोखंडी काथ्या तर कारखान्यात आणूच नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

घासण्याआधी तेलकटपणा काढायचा. उलट केलंत तर तेल ओरखड्यांत चोळलं जातं. एका हातात अॅसिटोनने भिजलेलं फडकं, दुसऱ्यात कोरडं; ओलं पुसलं की वाळायच्या आत कोरड्याने टिपायचं. मग घासायचं, परत पुसायचं आणि पाणी सोडून बघायचं. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब वेगळे झाले तर पुन्हा पुसा. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही, आणि प्रायमर त्याच दिवशी. अॅसिटोन आणि थिनर कॅनोपीपासून, म्हणजे आसनांवरच्या पारदर्शक अॅक्रिलिक झाकणापासून, मात्र लांब ठेवा. अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात आणि ते निघत नाहीत.

मास्किंग टेप कुठे लावायची हे आधीच कागदावर लिहून काढा: पिटो (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी), स्टॅटिकची भोकं (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी), पाणी निचरण्याची भोकं, बेअरिंगं, बिजागरीच्या पिना, अर्थिंगच्या जागा. स्टॅटिकच्या भोकाच्या काठावर रंगाची बारीकशी कड राहिली तरी उंची आणि वेग चुकीचा दिसू शकतो.

एपॉक्सी प्रायमर हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) घालून ढवळल्यावर डब्यावर सांगितलं असेल तेवढा वेळ तसाच ठेवा. एक पातळ हात पुरतो. वरचा रंग कधीपर्यंत न घासता मारता येतो तेही डब्याच्या कागदावर असतं. ती मुदत टळली तर पुन्हा घासणं आलं.

आता दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाबद्दल, आणि इथे मी हट्टी आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येईपर्यंत ते घातक पातळी ओलांडून गेलेलं असतं, त्यामुळे कोळशाच्या मास्कवर भरवसा ठेवता येत नाही. एकदा शरीराला त्याची अॅलर्जी जडली की दमा कायमचा मागे लागू शकतो. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क, अंगभर सूट आणि हातमोजे नसतील तर हे काम जाणकाराला द्या. प्रायमरपर्यंतचं सगळं तुम्ही केलेलं असलं की खर्च बराच उतरतो.

फवारायला एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणारी) गन, 1.3 मिमीचं नोझल, अंतर 6 ते 8 इंच. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा, आणि ट्रिगर भागाच्या बाहेर दाबून बाहेरच सोडा. आधी हलका चिकट हात, मग एक पूर्ण ओला. गन लांब गेली तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो, फार जवळ आणली तर ओघळ. मेटॅलिक रंग असेल तर सगळे भाग विमानावर बसतात त्याच दिशेने टांगा आणि एकाच मिश्रणातून रंगवा; नाहीतर जोडल्यावर दार एका छटेचं आणि अंग दुसऱ्या छटेचं दिसतं. फायबरग्लासच्या विमानाला वरून पांढराच रंग. गडद रंग उन्हात तापतो आणि फायबरग्लास धरून ठेवणारं एपॉक्सी मऊ पडू लागतं.

एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर, म्हणजे पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे विमान वळवणारे हलते भाग, हे मी वेगळ्या यादीत ठेवते. यांच्यावर रंगाचा बहुतेक भार बिजागरीच्या मागे पडतो. मागची बाजू जड झाली की ठरावीक वेगाला फ्लटर, म्हणजे आपोआप वाढत जाणारी फडफड, सुरू होऊ शकतं, आणि त्यात काही सेकंदांत शेपूट तुटू शकते. म्हणून यांच्या मागच्या कडेला लांबी (पुट्टी) भरायची नाही, जादा हात मारायचे नाहीत. ओघळ आला तर वर आणखी रंग न चढवता घासून काढा. रंग पूर्ण सुकल्यावर, ट्रिम टॅब (मागच्या कडेची छोटी हलती पट्टी) आणि जोडणीचं सामान बसवून, आराखड्यात दिलेल्या मर्यादेत तोल पुन्हा तपासा. गरज पडली तर तोलासाठी बिजागरीच्या पुढे बसवलेलं शिसं वाढवा. पुढे कधी नुसत्या पट्ट्या मारल्या तरी हे परत करायचं. सगळं जोडून झाल्यावर विमान तिन्ही चाकांखाली काटे ठेवून तोला आणि गुरुत्वमध्याचा कागद नव्याने भरा. रंगाआधीचे आकडे त्यावर चालत नाहीत.