शेअर्ड फोल्डरमधली फाइल कोणी उघडली? शोधताना या चुका टाळा

मार्चअखेरीच्या धावपळीत आमच्या ऑफिसात सर्व्हरवरची एक एक्सेल शीट बिघडली. प्रॉपर्टीजमध्ये 'ॲक्सेस्ड'समोर, म्हणजे फाइल शेवटची उघडल्याची, दुपारची वेळ होती. तेव्हा जागेवर एकच मुलगी होती, म्हणून सगळं तिच्यावर आलं. पुढे कळलं, ती वेळ अँटिव्हायरसच्या स्कॅनची होती. तिला झालेला मनस्ताप मी विसरलेलो नाही.

ती वेळ 'केव्हा' सांगते, 'कोणी' नाही. आणि 'केव्हा'चाही भरवसा नाही. विंडोज व्हिस्टापासून या वेळेची नोंद मुळातच बंद ठेवलेली असायची. चालू असली तरी एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) ती तासभर मागे राहू शकते. लिनक्सवर २००९ पासून 'रेलॲटाइम' ही सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळे न बदललेली फाइल दिवसात दहादा वाचली तरी वेळ साधारण एकदाच पुढे सरकते.

नाव हवं असेल तर विंडोजचं ऑडिटिंग, म्हणजे कोणी कोणती फाइल हाताळली याची नोंद, लागतं, आणि इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. पॉलिसीत 'ऑडिट फाइल सिस्टम' चालू करतात, पण फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीतला 'ऑडिटिंग' टॅब रिकामाच असतो. मग लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, काहीच येत नाही. दोन्ही केलंत की सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४६६३ (या क्रमांकाची नोंद) दिसू लागतो: कोणाचं लॉगिन, कोणती फाइल, वाचली की लिहिली.

उलट टोकही वाईट. अख्ख्या ड्राइव्हवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे सगळ्यांची प्रत्येक हालचाल टिपायला, लावलंत, तर नेहमीचा २० एमबीचा लॉग बघता बघता भरतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. महत्त्वाचे फोल्डर तेवढे निवडा, कोणी वाचली हे कळायची गरज नसेल तर लिहिणं आणि डिलीट एवढंच टिपा, लॉगचा आकार वाढवा.

४६६३ मध्ये 'डिलीट' दिसलं म्हणून लगेच कोणाला धरू नका. वर्ड-एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती फाइल बनवून जुनीशी अदलाबदल करतात, त्याचीही तशीच नोंद पडते. खरं डिलीट ४६६० मध्ये येतं; त्यात फाइलचं नाव नसतं, ते हँडल आयडी (उघडलेल्या फाइलला विंडोज देतं तो क्रमांक) जुळवून ४६६३ मधून काढावं लागतं.

पाच जण एकाच 'अकाउंट्स' लॉगिनने काम करत असतील, तर हा सगळा खटाटोप वाया. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या, आजच द्या. ऑडिटिंग चालू करण्याआधीचं काही लॉगमध्ये सापडत नाही. फाइल आत्ता कोणाकडे उघडी आहे एवढंच हवं असेल, तर सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधलं 'शेअर्ड फोल्डर्स'खालचं 'ओपन फाइल्स' उघडा. तिथे नाव लगेच दिसतं.