ड्रग्ज आणि सक्तीची फाशी: या चुका टाळा

एनडीपीएस कायद्यातल्या, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातल्या, फाशीचा विषय निघाला की पहिलंच वाक्य हमखास चुकतं, "मुंबई हायकोर्टाने ड्रग्जसाठीची फाशी रद्द केली." नाही केली. 16 जून 2011 च्या निकालात कोर्टाने कलम 31अ मधली फक्त सक्ती काढली, म्हणजे फाशी 'द्यावीच लागेल' याच्या जागी 'देता येईल' असं वाचायचं, आणि जजला योग्य वाटलं तर कलम 31 खालची कैद द्यायची. कलम जागेवरच राहिलं.

आणि ते "ड्रग्ज सापडले की फाशी" वाले मेसेज कृपा करून पुढे ढकलू नका. 31अ आहे ते आधी मोठ्या गुन्ह्यात शिक्षा होऊन परत सापडलेल्यासाठी, तेही हेरॉइन 1 किलो, अफू 10 किलो, चरस 20 किलो अशा प्रमाणात, किंवा त्यानेच या धंद्याला पैसा पुरवला तर.

सगळ्यात जास्त घोळ सक्तीविरुद्धच्या युक्तिवादात होतो. लोक थेट म्हणतात की मृत्युदंडच घटनाबाह्य आहे, तिथे समोरचा बचन सिंग खटल्याचा निकाल (1980) काढतो आणि वाद संपतो, कारण सुप्रीम कोर्टाने तिथे फाशी वैध ठरवलीय. तुम्हाला लागतो सुप्रीम कोर्टाचाच मिठ्ठू खटल्याचा निकाल (1983). जन्मठेप भोगताना खून केला तर फाशीच, असं सांगणारं भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम 303 त्यात उडालं. आता विचार करा, फाशी सक्तीची असेल तर आरोपी टोळीचा मालक आहे की कर्जापायी बॅग उचललेला हमाल, वय काय, घरी कोण, हे जजने ऐकायचं पण निकालात वापरायचं नाही, मग शिक्षेवरच्या सुनावणीला अर्थ काय उरतो? घटनेच्या कलम 21 मधली न्याय्य प्रक्रिया इथेच मोडते, आणि मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

जुनं पुस्तक घेऊन बसू नका, 2014 च्या दुरुस्तीनंतर पर्यायी शिक्षा कायद्यातच आलीय.

सिंगापूरचा दाखला देतानाही जपून. तिथल्या कोर्टाने 2010 मध्ये यॉन्ग वुई काँग या ड्रग्ज प्रकरणातल्या आरोपीच्या केसमध्ये मिठ्ठूचा मार्ग नाकारला आणि सक्तीची फाशी टिकवली. नंतर सूट आली ती संसदेकडून, तीही मुख्यतः फक्त माल वाहणाऱ्यांना आणि कडक अटींवर. मलेशियाने 2023 मध्ये सक्ती काढली, तीही कायदा करूनच.