हार्नेस बसवताना: स्लाइडर आधी बघा

मागच्या ऑटोक्रॉसला (आखलेल्या ट्रॅकवरची, वेळेविरुद्धची शर्यत) जोरात ब्रेक मारला आणि माझ्या हार्नेसचा, म्हणजे शर्यतीच्या गाडीतल्या अनेक पट्ट्यांच्या सीटबेल्टचा, डाव्या खांद्याचा पट्टा ढिला पडला. तुटला नाही, सरकला. सीटमागच्या आडव्या बारला गुंडाळलेलं टोक तीन दांड्यांच्या स्लाइडरमधून (पट्टा ओवून अडकवायची धातूची कडी) मी उलटं परत ओवलंच नव्हतं. हाताने ओढून पाहिलं तेव्हा घट्ट वाटलं होतं. हाताच्या ओढीवर कधीच विश्वास ठेवू नका.

म्हणून या वेळी सुरुवात तिथूनच. पट्टा स्लाइडरमधून, बारभोवती, परत स्लाइडरमधून, आणि मग टोक वळवून पुन्हा एकदा पहिल्या फटीतून. बाहेर निदान चार बोटं टोक उरलं पाहिजे. स्लाइडर बारला जितका चिकटून बसेल तितका चांगला. मग पांढऱ्या मार्करने पट्ट्यावर, स्लाइडरच्या कडेला लागून, एक रेघ ओढा. माझ्या त्या पट्ट्यावर अशी रेघ असती, तर पहिल्या दोन फेऱ्यांतच ती बोटभर सरकलेली दिसली असती.

सीटचे बोल्ट, रेल, ते सगळे बघतातच. सीट मात्र एकसंध शेलची, खांद्याच्या पट्ट्यांना खाचा असलेली हवी. कंपनीच्या मागे कलणाऱ्या सीटवर पट्टे खांद्यावरून घसरतात.

पट्टे सीटला किंवा सीटच्या ब्रॅकेटला बांधायचे नाहीत, एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमात ते सरळ निषिद्ध आहे. फ्लोअरला नवीन भोक पाडलं तर खालून किमान ३ मिमी जाड आणि ४० चौरस सेंमीची प्लेट लावा. नुसत्या वॉशरवर भरवसा ठेवला तर झटक्यात पत्रा फाटून बोल्ट वर येतो. बोल्ट ८.८ ग्रेडचा (मजबुतीचा दर्जा) घ्या, दुकानदार "चालेल" म्हणाला तरी डोक्यावरचा आकडा स्वतः वाचा.

खांद्याचे पट्टे मागच्या फ्लोअरला खेचून बांधलेल्या गाड्या मी अजून बघतो. कृपा करून हे करू नका. धक्क्यात तो पट्टा खांदा खाली ओढतो आणि सगळा भार मणक्यावर जातो. पट्टा मागे जवळपास आडवाच जावा. हान्स (खांद्यावर बसणारं, मान सावरणारं साधन) वापरत असाल तर खांद्यापासून खाली २० अंशांपर्यंतच.

चार पॉइंटचा (चार जागी बांधलेला) हार्नेस स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. खांद्याचे पट्टे आवळले की बकल पोटावर चढतं आणि धक्क्यात माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो. मांड्यांमधले पट्टे त्यासाठीच असतात. कमरेचा पट्टा हाडावर, पोटाच्या मऊ भागावर नाही. आधी कमर आवळा, मग खांदे.

रोल केज (छप्पर दबू नये म्हणून आत बसवलेला पोलादी सांगाडा) नसलेल्या गाडीत, रस्त्यावर, कंपनीचाच तीन पॉइंटचा बेल्ट राहू द्या. हार्नेस अंगाला ताठ धरून ठेवतो, आणि गाडी उलटून छप्पर दबलं तर वाकायला जागा उरत नाही.

लेबलवरची मुदत वाचा. पट्टा कापायचा कटर ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर (शेजारी बसून वाट सांगणारा) दोघांच्याही हाताला पोहोचेल असा लावा. हेल्मेट घालून एकदा बसून बघा.

आणि स्लाइडर. चारही बाजूंनी, टॉर्च लावून. पहिल्या फेरीनंतर नॅव्हिगेटरला खाली उतरवून रेघ बघायला सांगा. तिसऱ्या फेरीनंतर पुन्हा.