रांगेतल्या प्रत्येकाला शनी दिसावा म्हणून

आकाशदर्शनाच्या रात्री रांगेतले बरेच जण "काहीच दिसत नाही" म्हणतात, तेव्हा ग्रह बहुतेक वेळा सरकून गेलेला असतो. ८ इंची आरशाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) डॉब्सोनियनला, म्हणजे हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीला, १० मिमीची साधी प्लॉसल प्रकारची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली की १२० पट वर्धन मिळतं, पण आकाश दिसतं अर्ध्या अंशाहून कमी. पृथ्वी फिरत असल्याने शनी ते पावणेदोन मिनिटांत ओलांडतो. म्हणून तो मधोमध न आणता, ज्या कडेने आत शिरतो त्या कडेपाशी लावून सोडा. प्रत्येकी २० सेकंद द्या आणि दर तिघांनंतर स्वतः डोकावून पुन्हा लावा.

नळीला हात लागला की सगळं गेलं. शेजारी पाठीची खुर्ची ठेवा, माणसं आपोआप तिचा आधार घेतात. मुलांसाठी भक्कम स्टूल हवंच.

साधा नंबर असलेल्यांनी चष्मा काढून फोकस फिरवावा, सिलिंड्रिकल नंबरवाल्यांनी (दृष्टिवैषम्य असलेल्यांनी) चष्म्यासकटच बघावं.

दुर्बीण तासभर आधी उघड्यावर काढा; आरसा गरम राहिला तर शनीची कडी उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरते.